अमेरिकेतल्या नातलगाची प्रोबेट फाइल काउंटी कोर्टातून कशी मागवावी

अमेरिकेत स्थायिक झालेला एखादा नातलग जोडीदार किंवा मुलंबाळं मागे न ठेवता वारला, की काही महिन्यांनी इकडे सातारा-सांगलीला त्याच्या भावंडांच्या नावाने जाड लिफाफा येतो. आत वकिलाचं पत्र, सहीच्या जागी खुणा केलेले कागद आणि ‘सही करून परत पाठवा’ अशी विनंती. घरात मग दोनपैकी एक होतं. ‘तिकडचं तिकडचे बघतील’ म्हणून सही करून टाकतात, नाहीतर ‘यात काहीतरी गोम आहे’ म्हणून कागद कपाटात ठेवून देतात. दोन्हींत नुकसान आहे, कारण त्या इस्टेटीची फाइल काउंटीच्या, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कोर्टात असते आणि तिच्यातले बहुतेक कागद कुणालाही पाहता येतात. नातं सिद्ध करावं लागत नाही, वकीलही लावावा लागत नाही. म्हणून सही करण्याआधी, आणि कुणावर संशय घेण्याआधीही, ती फाइल मागवा.

आधी काउंटी पक्की करा

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याची कोर्टाकडून खातरजमा आणि त्यानंतर कोर्टाच्या नजरेखाली होणारी इस्टेटीची वाटणी. मृत्युपत्र नसलं तरी कोर्ट व्यवस्थापक नेमतं आणि फाइल उघडतेच. हे काम केंद्र सरकारचं नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आणि दप्तर काउंटीगणिक वेगळं. सगळ्या देशाची एकच यादी नसल्यामुळे काउंटी चुकली की शोध तिथेच अडकतो.

माणूस कुठे वारला यापेक्षा त्याचं कायमचं घर कुठे होतं ते महत्त्वाचं. एडिसनला राहणारे काका न्यूयॉर्कच्या रुग्णालयात गेले, तरी त्यांची फाइल न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत, म्हणजे न्यू ब्रन्सविकला उघडणार. दुसऱ्या राज्यातही घर-जमीन असेल तर तिथे पूरक प्रोबेटची वेगळी फाइल असू शकते. आणि कायमचं घर भारतातच असलेल्या माणसाची तिकडे मालमत्ता असेल, तर ती जिथे आहे तिथली काउंटी पाहायची.

मृत्यूच्या दाखल्यावर राहण्याची काउंटी लिहिलेली असते. दाखला नसेल तर शेवटचा पूर्ण पत्ता घ्या, नुसतं गावाचं नाव पुरत नाही. शिकागोजवळचं नेपरव्हिल ड्युपेज आणि विल अशा दोन काउंट्यांत पसरलंय. प्रिन्स्टनचा टपाली पत्ता असलेली घरं तर मर्सर, मिडलसेक्स आणि सॉमरसेट अशा तीन काउंट्यांत आहेत. न्यूयॉर्क शहरातला प्रत्येक विभाग ही स्वतंत्र काउंटी आहे आणि नावंही फसवी आहेत: ब्रुकलिन म्हणजे किंग्ज काउंटी, स्टेटन आयलंड म्हणजे रिचमंड काउंटी, मॅनहॅटन म्हणजे न्यूयॉर्क काउंटी. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट अलामिडा काउंटीत येतं, सनीवेल आणि कुपर्टिनो सँटा क्लारात.

त्या काउंटीत दप्तर कुणाकडे असतं?

‘प्रोबेट कोर्ट’ या नावाचं कोर्ट सगळीकडे नाही. न्यूयॉर्कच्या ६२ काउंट्यांत त्याला सरोगेट्स कोर्ट म्हणतात. न्यू जर्सीच्या २१ काउंट्यांत काउंटी सरोगेटचं कार्यालय असतं. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडमध्ये रजिस्टर ऑफ विल्सकडे जायचं. कॅलिफोर्नियात सुपीरियर कोर्टाचा प्रोबेट विभाग, इलिनॉय आणि फ्लोरिडात सर्किट कोर्टाचा क्लार्क, टेक्ससमध्ये बहुतेक ठिकाणी काउंटी क्लार्क. जॉर्जिया, ओहायो आणि मिशिगनमध्ये मात्र सरळ प्रोबेट कोर्टच आहे. काही राज्यांत काउंटीचा हिशेबच चालत नाही. लुइझियानात काउंटीच्या जागी पॅरिश असतात, कनेक्टिकटमध्ये प्रोबेटचे स्वतंत्र जिल्हे आहेत आणि ऱ्होड आयलंडमध्ये हे काम शहर-गाव पातळीवर चालतं.

इंटरनेटवर शोधताना काउंटीचं नाव, राज्याचं नाव आणि ‘प्रोबेट रेकॉर्ड्स’ असं टाका. मात्र वर येणारी पहिली दोन-चार स्थळं अनेकदा पैसे घेऊन ‘रेकॉर्ड शोधून देणाऱ्या’ खासगी कंपन्यांची असतात. कोर्टाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जे फुकट किंवा थोडक्या शुल्कात दिसतं, त्याचेच त्या पैसे घेतात. आपण कोर्टाच्या किंवा काउंटीच्या पानावर आहोत याची खात्री होईपर्यंत कार्डाचा नंबर कुठेही देऊ नका.

नावाने शोध, आणि आपल्या नावांची अडचण

बऱ्याच काउंट्यांची प्रकरणांची सूची ऑनलाइन असते. न्यूयॉर्कची ‘वेबसरोगेट’ नावाची राज्यव्यापी सोय आहे. इथे मिळवायचा असतो तो प्रकरण क्रमांक. तो हाती आला की पुढचं प्रत्येक काम सोपं होतं, म्हणून पहिला जोर यावरच लावा.

मराठी नावं इथे हमखास अडतात. वाघ, वैद्य, वझे यांचं इंग्रजी अक्षर ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’? दीक्षित आणि क्षीरसागर ‘एक्स’ने लिहिले की ‘के-एस-एच’ने? मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, की नुसतं आद्याक्षर? काहींनी नागरिकत्व घेताना नाव छोटं केलेलं असतं, काही बायकांच्या बँक खात्यावर माहेरचं आडनाव आणि घराच्या खरेदीखतावर सासरचं असतं. म्हणून बसण्याआधी जुनी पत्रं, पासपोर्टची झेरॉक्स, लग्नपत्रिका, जे असेल ते काढून सगळ्या स्पेलिंगांची यादी करा. सूचीत आडनावाची पहिली तीन-चार अक्षरंच टाकून पाहिली तर बऱ्याचदा काम होतं. नाव-आडनाव उलटं टाकूनही बघा. प्रकरणात मृताची सगळी पर्यायी नावं ‘एकेए’ (‘ऑल्सो नोन अ‍ॅज’, म्हणजे ‘या नावानेही ओळख’) या खुणेपुढे नोंदवलेली असतात, पण ऑनलाइन सूचीत त्यातलं प्रत्येक नाव येईलच असं नाही.

ऑनलाइन काही दिसलं नाही तर फोन करा. पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. क्लार्कला कायदेशीर सल्ला देता येत नाही, म्हणून ‘माझा हक्क बसतो का?’ असं विचारलं की संभाषण तिथेच संपतं. ‘या नावाने, या साली वारलेल्या व्यक्तीची फाइल आहे का? क्रमांक काय? नक्कल मागवायची रीत आणि शुल्क काय?’ एवढंच विचारा. माझ्या मते ही माणसं बहुतेक वेळा मनापासून मदत करतात. प्रश्न मात्र त्यांना उत्तर देता येईल असा हवा.

फाइलमधलं काय मागवायचं

अख्खी फाइल मागवायची घाई करू नका, शेकडो पानं असू शकतात. आधी प्रकरणातल्या नोंदींची तारीखवार यादी पाहा, तिला डॉकेट म्हणतात. मग कागद निवडा.

सगळ्यांत आधी मूळ अर्ज, म्हणजे पिटिशन, वाचा. त्यात मृताचे वारस कोण, त्यांची नाती आणि पत्ते काय हे शपथेवर लिहिलेलं असतं. तुमचं नाव तिथे आहे का आणि पत्ता बरोबर आहे का, हे पाहण्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. पत्ता चुकीचा असेल तर सगळ्या नोटिसा भलत्याच गावी जातात आणि कोर्टाच्या दप्तरात मात्र तुम्हाला कळवल्याची नोंद होते. पिटिशनबरोबर मृत्युपत्र आणि असल्यास त्यातल्या दुरुस्त्याही मागवा.

त्यानंतर ‘लेटर्स’. एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) किंवा व्यवस्थापक म्हणून कोर्टाने कुणाला अधिकार दिला ते यात कळतं. ‘मीच सगळं बघतोय’ असं सांगणाऱ्याच्या नावाने लेटर्स निघालेली नसतील, तर त्याला इस्टेटीच्या वतीने व्यवहाराचा अधिकार मिळालेला नाही. मग मालमत्तेची यादी व मूल्यांकन, हिशेब आणि शेवटचा वाटणीचा आदेश. हे कागद सगळीकडे खुले नसतात. न्यूयॉर्कमध्ये मालमत्तेची यादी, मृत्यूचा दाखला आणि करविवरणपत्रं सर्वसामान्यांना दाखवत नाहीत. तुम्ही वारस म्हणून संबंधित असाल तर तसं लिहून मागता येतात.

अर्ज आणि शुल्क

काउंटीचा छापील फॉर्म असेल तर तोच भरा. नसेल तर साधं इंग्रजी पत्र चालतं. मृताचं पूर्ण नाव आणि पर्यायी नावं, मृत्यूची तारीख, प्रकरण क्रमांक, हवे असलेले कागद नावानिशी आणि डॉकेटमधल्या तारखेनिशी, किती प्रती, आणि तुमचा पत्ता, ई-मेल. प्रत कोणत्या प्रकारची हवी तेही स्पष्ट लिहा. माहितीपुरती साधी नक्कल पुरते. बँकेला किंवा दुसऱ्या कार्यालयाला दाखवायची तर प्रमाणित नक्कल लागते. परदेशी कोर्टापुढे ठेवायची असेल तर ‘एक्झेम्प्लिफाइड’ प्रत मागा. तिच्यावर क्लार्क आणि न्यायाधीश दोघांचीही प्रमाणपत्रं असतात.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून दोन राज्यांचे आकडे: कॅलिफोर्नियात साध्या नकलेला पानामागे ५० सेंट आणि प्रमाणित करायला कागदामागे ४० डॉलर. न्यूयॉर्कच्या सरोगेट्स कोर्टात लेटर्सचं प्रमाणपत्र ६ डॉलर, तर कोर्टाकडून दप्तराचा शोध करून घ्यायचा असेल तर २५ वर्षांपर्यंतच्या नोंदींना ३० आणि त्याहून जुन्यांना ९० डॉलर. दर बदलतात, म्हणून त्या दिवशीचा तक्ता पाहूनच पैसे पाठवा.

भारतातून पैसे पाठवणं हाच खरा खोळंबा. बरीच कार्यालयं अजून अमेरिकी बँकेचा चेक किंवा मनीऑर्डर आणि पत्ता लिहिलेला, तिकडची तिकिटं लावलेला लिफाफा मागतात. कार्डाने ऑनलाइन भरणा चालतो का ते आधी विचारा. नसेल तर तिकडच्या भाचीला किंवा मित्राला अर्ज करायला सांगा. फाइल खुली असल्यामुळे त्यासाठी मुखत्यारपत्र लागत नाही. पानं किती निघतील हे माहीत नसेल तर रकमेची जागा कोरी ठेवून चेकवर ‘अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही’ असं लिहून पाठवायची पद्धत काही कार्यालयं मान्य करतात.

मुदतीकडे लक्ष ठेवा

न्यू जर्सीत मृत्यूनंतर दहा दिवस उलटल्याशिवाय मृत्युपत्राचं प्रोबेट होत नाही. झालं की ६० दिवसांत लाभार्थी आणि जवळच्या नातलगांना नोटीस पाठवावी लागते. आक्षेप घ्यायला तिथल्या रहिवाशांना प्रोबेटपासून चार महिने मिळतात, राज्याबाहेर राहणाऱ्यांना सहा. कॅलिफोर्नियात मृत्युपत्र कोर्टाने स्वीकारल्यापासून १२० दिवस. म्हणून लिफाफा कपाटात ठेवणं धोक्याचं. फाइलवरची प्रोबेटची तारीख बघून मुदत मोजा आणि काही खटकलं तर लगेच त्याच राज्यातला वकील गाठा. फाइल हाती असली की वकिलाशी बोलणंही मुद्द्याचं होतं, पैसे वाचतात.

फाइल सापडलीच नाही तर

याचा अर्थ कुणी लपवाछपवी केली असा लगेच काढू नका. घर पती-पत्नीच्या संयुक्त नावावर, निवृत्तीच्या खात्याला वारस नेमलेला, बाकीचं लिव्हिंग ट्रस्टमध्ये, म्हणजे हयातीतच केलेल्या ट्रस्टच्या नावे, अशी व्यवस्था असेल तर प्रोबेटची गरजच पडत नाही. अमेरिकेतल्या आपल्या लोकांत ट्रस्ट करण्याची पद्धत चांगलीच रुजली आहे. ट्रस्टचा कागद खासगी असतो, कोर्टात दाखल होत नाही. तो ट्रस्टीकडेच मागावा लागतो. छोट्या इस्टेटींना सोपी वाट असते. न्यूयॉर्कमध्ये ५०,००० डॉलरपर्यंतच्या जंगम मालमत्तेला साधी प्रक्रिया चालते, तर कॅलिफोर्नियात ठरावीक मर्यादेखाली नुसत्या प्रतिज्ञापत्रावर पैसे मिळतात आणि कोर्टात फाइल उघडतच नाही.

कधी नुसतं मृत्युपत्र जमा झालेलं असतं, पुढे काही झालेलं नसतं. कॅलिफोर्नियात ज्याच्या ताब्यात मृत्युपत्र आहे त्याने मृत्यू कळल्यापासून ३० दिवसांत ते कोर्टात जमा करायचं असतं, फ्लोरिडात १० दिवसांत. म्हणून क्लार्कला ‘फाइल आहे का’ याच्याबरोबर ‘मृत्युपत्र जमा झालंय का’ हेही विचारा. दोन्ही नसेल तर शेजारच्या काउंट्या पाहा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा शोधा.

घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. जुनी दप्तरं अनेकदा राज्याच्या अभिलेखागारात हलवलेली असतात, आणि फॅमिलीसर्च या वंशावळ शोधण्याच्या संकेतस्थळावर नुसतं खातं उघडून पुष्कळ काउंट्यांची जुनी पानं फुकट पाहता येतात. काही दप्तरं कायमची गेली आहेत: शिकागोची १८७१च्या आगीत, सॅन फ्रान्सिस्कोची १९०६च्या भूकंपात आणि आगीत. इथेही काउंटीचाच धागा धरायचा. आनंदीबाई जोशी ज्या कार्पेंटर कुटुंबात राहिल्या ते रोझेल गाव न्यू जर्सीच्या युनियन काउंटीत आहे, आणि त्यांची रक्षा आहे ते पोकीप्सी न्यूयॉर्कच्या डचेस काउंटीत. त्या कुटुंबाचे कागद शोधणाऱ्याला दोन राज्यांत दोन अर्ज करावे लागतील.

नक्कल भारतात वापरायची असेल तर

अमेरिकेत राहणाऱ्याच्या नावावर पुण्यात फ्लॅट किंवा मुंबईत शेअर असतील, तर तिकडे प्रोबेट झालेल्या मृत्युपत्राची इथे गरज पडते. भारतीय वारसा कायदा १९२५ च्या कलम २२८ प्रमाणे परदेशी कोर्टात सिद्ध झालेल्या मृत्युपत्राची रीतसर प्रमाणित प्रत दाखवून इथल्या कोर्टाकडून व्यवस्थापनाचे अधिकारपत्र मिळवता येतं. त्यासाठी काउंटीची नक्कल अपोस्टिल करून घ्या, म्हणजे ती दुसऱ्या देशात खरी मानली जावी यासाठीचा शिक्का तिच्यावर घ्या. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे. हा शिक्का काउंटी देत नाही. ज्या राज्याचं कोर्ट त्याच राज्याचं कार्यालय देतं: कॅलिफोर्नियात सेक्रेटरी ऑफ स्टेट, न्यू जर्सीत कोषागार खातं. नक्कल मागवतानाच ती भारतात अपोस्टिलसह वापरायची आहे असं लिहा, म्हणजे क्लार्क योग्य अधिकाऱ्याची सही घेतो. तुमच्या इथल्या वकिलाला नेमकी कोणत्या प्रकारची प्रत लागेल ते आधी विचारा आणि दोन प्रती मागवा. एक कोर्टात जमा होते आणि बँक किंवा सोसायटी दुसरी मागते.