अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हमिंग येतंय? या चुका टाळा

घरी जोडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हमिंग, म्हणजे सतत घुमणारा आवाज, आलं की बहुतेक जण आधी फिल्टर कॅपॅसिटर (पॉवर सप्लायचा डीसी सपाट करणारे) बदलतात. २२०० मायक्रोफॅरडच्या जागी ४७००, मग १००००. कधी कधी त्याने आवाज उलट वाढतो. मोठा कॅपॅसिटर कमी वेळात जास्त करंट ओढतो आणि ग्राउंडच्या (सर्किटच्या समाईक शून्य व्होल्टच्या) वायरिंगमध्ये चूक असेल, तर ती आणखी ठळक ऐकू येते.

म्हणून आधी दोष कुठे आहे ते शोधा. व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज तसाच राहिला, तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे पॉवर अ‍ॅम्प किंवा सप्लायमध्ये. बंद झाला, तर मागे. मग व्हॉल्यूम परत वाढवून सोर्सची केबल काढा आणि इनपुट शॉर्ट करा, म्हणजे त्याची सिग्नलची पिन ग्राउंडला जोडा. आता शांत झालं, तर केबल किंवा ग्राउंड लूप (दोन उपकरणांची ग्राउंड दोन वाटांनी जोडली गेल्याने बनणारं वेटोळं) तपासा. आवाजाची जातही बोलकी असते. जाड, घुमणारा ५० हर्ट्झचा आवाज बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा किंवा लूपचा. खरखरीत १०० हर्ट्झचा रेक्टिफायरनंतरचा, म्हणजे एसीचा डीसी झाल्यानंतरचा.

सगळ्यात जास्त घोटाळा ग्राउंडमध्ये होतो. पीसीबीवरचा (सर्किट बोर्डावरचा) १ मिलिमीटर रुंद, २ सेंटिमीटर लांब ट्रॅक, म्हणजे तांब्याची पट्टी, घ्या. नेहमीच्या ३५ मायक्रॉन तांब्यात त्याचा रेझिस्टन्स साधारण १० मिलिओहम. अ‍ॅम्प्लिफायर सरासरी १ अँपिअरच घेत असला, तरी कॅपॅसिटर एसीच्या प्रत्येक शिखरावर क्षणभरच चार्ज होतो, त्यामुळे तेवढ्यापुरता करंट ५ अँपिअरवर सहज जातो. म्हणजे ट्रॅकवर ५० मिलिव्होल्ट. इनपुटचं ग्राउंड याच ट्रॅकवर जोडलं असेल, तर ३० पट गेननंतर (सिग्नल तेवढा मोठा झाल्यावर) स्पीकरवर दीड व्होल्टची खरखर.

उपाय खर्चिक नाही. ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप (सेकंडरीच्या मध्यातून काढलेलं टोक) जाड, आखूड वायरने दोन्ही फिल्टर कॅपॅसिटरच्या जोडावर आणा. तिथून वेगळी आखूड वायर काढून एक स्टार पॉइंट करा. स्पीकरची परतीची वायर, बोर्डाचं ग्राउंड आणि इनपुटचं ग्राउंड तिन्ही स्वतंत्रपणे त्याच पॉइंटवर. सेंटर टॅप आणि कॅपॅसिटर यांच्या मध्ये काहीही जोडू नका. सोल्डरिंगआधी प्लग काढा आणि कॅपॅसिटर डिस्चार्ज झाल्याचं मीटरने पाहा.

हमिंग जावं म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापू नका. ही चूक जिवावर बेतू शकते. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं की २३० व्होल्ट थेट धातूच्या कॅबिनेटवर येतात. कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. तरीही लूप राहिला, तर सिग्नलच्या केबलमध्ये १:१ ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

शिल्डेड वायरवर फार विसंबू नका. तिची जाळी ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. ट्रान्सफॉर्मर इनपुटपासून लांब ठेवा, एसीच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या आणि बोल्ट कसण्याआधी, २३० व्होल्टची टोकं नीट झाकून, ट्रान्सफॉर्मर थोडा थोडा फिरवत आवाज ऐका. एका दिशेला तो स्पष्ट कमी होतो.

हमिंग नाही, पण सूं आवाज येतो? मग इनपुटकडचे मोठे रेझिस्टर बघा. १०० किलोओहमचा रेझिस्टर २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात जवळपास ५.८ मायक्रोव्होल्ट नॉइज देतो, १० किलोओहमचा १.८. सोर्स मोबाइल किंवा लॅपटॉप असेल, तर १० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल पुरेसा आहे.

मोबाइल जवळ ठेवल्यावर येणारी टर्र-टर्र मात्र वेगळी. तिच्यासाठी इनपुटला १ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि त्यापुढे आयसीच्या (चिपच्या) इनपुट पिनलगत १०० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर ग्राउंडला लावा.