शेवटच्या पंधरा मिनिटांत सामना निसटतो तेव्हा पेठेनं काय करायचं

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यात आपल्या पेठेच्या संघानं तगड्या संघाला सत्तर-पंच्याहत्तर मिनिटं रोखून धरलेलं असतं. एक-शून्य आघाडी असते, पोरं जीव तोडून खेळत असतात. मग एक कॉर्नर, एक हेडर, बरोबरी. चार मिनिटांनी दुसरा गोल. स्टँडमधून सगळ्यात आधी कुणाच्या तरी नावानं शिवी येते, आणि बहुतेक वेळा ती चुकीच्या माणसाला बसते. गोल झाला त्या क्षणी बॉलजवळ कोण होता तेवढंच सगळ्यांना दिसतं. सामना त्याच्या वीस मिनिटं आधीपासून निसटत असतो. ते दिसायला लागलं की समर्थकाच्या हातात करण्यासारखं बरंच काही असतं.

साठाव्या मिनिटापासून काय बघायचं

बॉल आपल्याकडं असला की खेळाडूला दम खायला मिळतो. तगडा संघ तोच दम खाऊ देत नाही. तो बॉल इकडून तिकडं फिरवत राहतो आणि आपली पोरं बाजू बदलत धावत राहतात. स्नायूंतला साखरेचा साठा उतरत जातो. वेगानं धावायची ताकद आधी जाते, सावकाश धावणं टिकतं. म्हणून लांबून बघणाऱ्याला वाटतं, पळतायत की सगळे. पळतायत, पण हाफ, म्हणजे मधल्या फळीतले, दोन पावलं उशिरा परत येतात आणि बॅक, म्हणजे बचावातले, घाबरून दोन पावलं मागं सरकतात. मधे मोठ्या डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाच्या, समोर एक रिकामी पट्टी तयार होते. सामना त्या पट्टीत जातो.

त्यामुळं साठाव्या मिनिटानंतर बॉल सोडून या पट्टीवर नजर ठेवा. बॅक आणि हाफ यांच्यात आठ-दहा पावलं असतील तर ठीक. पंधरा-वीस झाली, आणि समोरचा खेळाडू तिथं बॉल थांबवून मान वर करून बघायला लागला, की धोका सुरू झाला.

दुसरी खूण थ्रोच्या वेळी दिसते. बॉल बाहेर गेला की आपला साईड बॅक काय करतो ते जवळून बघा. ताजा असेल तर तो लगेच आपला माणूस शोधतो. दमलेला असेल तर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकतो, मोजे खाली ओढतो, पोटरी चोळतो आणि बॉलकडं बघतो, माणसाकडं बघतच नाही. पुढचा क्रॉस त्याच्याच बाजूनं येणार असतो, कारण समोरच्या कोचनंही तेच पाहिलेलं असतं.

तिसरी खूण मोजता येते. आपल्या बॅकनं बॉल लांब मारला की मनात आकडे मोजायचे. बॉल पुन्हा मैदानाच्या आपल्या अर्ध्या भागात किती सेकंदांत आला? वीस-पंचवीस सेकंद लागत असतील तर पुढं कुणीतरी तो धरतोय. सलग तीन वेळा दहाच्या आत परत आला, तर पुढं धरणारा कुणी उरलेला नाही. आता कितीही जोरात मारला तरी तो परत येणारच.

हे डोक्यात राहत नाही, म्हणून वही लागते. साधी शाळेची वही घ्या आणि पानावर चार रकाने पाडा: मिनिट, बॉल कुठं गेला, किती सेकंदांत परत आला, त्या वेळी कोण चालत होता. एकानं बघायचं, एकानं लिहायचं. एकच माणूस दोन्ही कामं करायला गेला की लिहिताना नेमका प्रसंग चुकतो. गोल झाल्यावरही लिहिणं थांबवू नका. गोलनंतरच्या पाच मिनिटांची नोंद सगळ्यात कामाची असते आणि नेमकी तीच बहुतेक वह्यांत कोरी असते.

समोरचा बेंच

तगडा संघ तगडा असतो तो पहिल्या अकरांइतकाच बेंचमुळं. रशियातल्या २०१८ च्या विश्वचषकात जपाननं बेल्जियमविरुद्ध ५२ व्या मिनिटाला २-० आघाडी घेतली होती. ६५ व्या मिनिटाला बेल्जियमनं फेलायनी आणि शादली एकदम उतरवले. ६९ व्या मिनिटाला पहिला गोल फिटला, ७४ व्या मिनिटाला फेलायनीनं हेडरवर बरोबरी केली आणि ९० अधिक ४ ला शादलीनं सामना संपवला. १९९९ च्या चॅम्पियन्स लीग फायनलला बायर्न म्युनिक सहाव्या मिनिटापासून पुढं होतं. जादा वेळेत मँचेस्टर युनायटेडनं दोन गोल केले, दोन्ही कॉर्नरवरून, दोन्ही बदली खेळाडूंचे: शेरिंगहॅम आणि सोलशार.

म्हणून समोरून बदली खेळाडू उतरला की वहीत लगेच नोंद करा. उंच आहे की वेगवान, कुठल्या बाजूला गेला, त्याला आपल्यातलं कोण धरतंय. तीन मिनिटांत कुणीच धरत नसेल तर बेंचजवळच्या जबाबदार माणसाच्या कानावर एका वाक्यात घाला. स्टँडमधून वीस जणांनी वीस सूचना ओरडल्या तर कोचला एकही ऐकू जात नाही. सध्याच्या नियमांत पाच बदल चालतात आणि खेळ चालू असताना ते तीन थांब्यांतच करावे लागतात, पण स्थानिक स्पर्धेत आकडा वेगळा असू शकतो. सामन्याआधी तो विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सामना किती मिनिटांचा आहे तेही लिहा, म्हणजे ‘शेवटची पंधरा’ कधी सुरू होतात याचा घोळ होत नाही.

जपान-बेल्जियमचा तो शेवटचा गोल प्रत्येक समर्थकानं एकदा नीट बघावा. कॉर्नर जपानचा होता. बरोबरीत असताना शेवटच्या क्षणी बरीच माणसं पुढं गेली, बेल्जियमचा गोलकीपर कूर्त्वानं बॉल धरला, आपल्या डी ब्रायनकडं सोडला आणि दहाएक सेकंदांत तो जपानच्या जाळ्यात होता. आपल्या स्टँडमधून अशा वेळी ‘सगळे वर जावा’ अशी आरोळी हमखास उठते. ती देऊ नका. मागं दोन बॅक आणि एक हाफ राहिलेच पाहिजेत.

गोल मारल्यावर लगेच

आपण गोल केल्यावरची दोन मिनिटं गोल खाल्ल्यावरच्या मिनिटांइतकीच कच्ची असतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतानं कोलंबियाला ८२ व्या मिनिटाला जीकसनच्या गोलवर गाठलं आणि ८३ व्या मिनिटाला कोलंबियानं पुन्हा आघाडी घेतली. आपला अनिकेत जाधव त्या संघात होता, त्यामुळं तो सामना कोल्हापुरात अजून बोलला जातो. आनंदात जागा सुटतात, श्वास वर गेलेला असतो आणि समोरचा संघ सेंटरवरून थेट अंगावर येतो. जल्लोष करा, पण सेंटरला बॉल ठेवला गेला की ढोल थांबवा आणि पोरांना एकमेकांचा आवाज ऐकू द्या.

स्टँडमधून काय करायचं, काय नाही

‘मार बाहेर, मार बाहेर!’ ही आरोळी सगळ्यात घातक. दमलेला बॅक ती ऐकतो, न बघता बॉल उडवतो आणि तो दहा सेकंदांत परत येतो. त्याऐवजी ‘माणूस आला’ किंवा ‘वेळ आहे’ एवढंच ओरडा. त्याच्या पाठीमागचं त्याला दिसत नाही, तुम्हाला दिसतं.

मिनिटं मोजून ओरडू नका. ‘पाचच राहिली’ ऐकलं की खेळाडू घड्याळ खेळायला लागतो, बॉल खेळायचं सोडतो.

स्टँडमधे आलेला बॉल दाबून ठेवू नका. पंच तो वेळ शेवटी जोडतात आणि दमलेल्या संघाला जादा वेळ नको असतो. फटाका, बाटली, मैदानात उतरणं या सगळ्यांनी खेळ थांबतो. आपल्याला वाटतं, पोरांना दम मिळाला. पण त्याच थांब्यात समोरचा कोच आपल्या संघाची मांडणी बदलून घेतो, आणि आपल्या पोरांच्या पोटऱ्या उभ्या-उभ्या आखडतात. वर पेठेचा संघ चालवणाऱ्या मंडळावर कारवाईची टांगती तलवार.

गोलकीपरलाही ‘धरून ठेव’ सांगू नका. २०२५ च्या नव्या नियमानुसार हातात बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त राहिला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. शेवटच्या मिनिटांत फुकटचा कॉर्नर म्हणजे काय, ते बायर्नच्या उदाहरणावरून कळलंच असेल.

आवाज द्यायचा तो थ्रो, फ्री किक आणि बॉल समोरच्याच्या पायात असताना. बरोबरीचा गोल पडल्यावर मात्र तीस सेकंदांच्या आत द्यायचाच. त्या क्षणी स्टेडियम गप्प झालं की खेळाडूला वाटतं सगळं संपलं, आणि दुसरा गोल बहुतेक त्या शांततेत पडतो. नेहमीची घोषणा चालेल, पण एका सुरात. ती कोण सुरू करणार, हे आधीच ठरवून ठेवा.

शिट्टी वाजल्यावर

पहिली दहा मिनिटं जागेवर बसा. राग डोक्यात असताना जिन्यावर गर्दी झाली की एका धक्क्यावरून दोन पेठांची खुन्नस होते. पुढच्या रांगेत चार वडीलधारी माणसं ठेवा, तरुण पोरं त्यांच्यासमोर तोंड आवरतात. पंचांभोवती गोळा होऊ नका. हरकत असेल तर ती मंडळानं लेखी आणि वेळेत द्यायची असते, समर्थकांनी द्यायची नसते.

खेळाडू बाहेर येताना टाळ्या वाजवा. ज्याच्या चुकीवर गोल झाला त्याच्याकडं दहा जण जाऊ नका, समजूत घालायलाही नाही. त्याच्या ओळखीच्या एकानंच जावं, पाण्याची बाटली द्यावी आणि एवढंच म्हणावं, ‘उद्या येणार न्हवं ग्राउंडावर?’ चुकीचं त्या दिवशी बोलायचंच नाही. तो आपल्याच गल्लीत राहतो, सकाळी कामाला किंवा कॉलेजला जातो, त्याची आई त्याच दुकानात दूध आणायला येते.

घरी जाताना गाडीवरचा झेंडा गुंडाळा. जिंकलेल्या पेठेतून रस्ता जात असेल तर वळसा घाला. दोन-तीन रिकाम्या गोण्या सोबत असतील तर आपल्या भागातल्या बाटल्या आणि कागद भरूनच निघा. बेल्जियमकडून तसं हरल्यानंतरही जपानी समर्थकांनी स्टँड साफ केला होता. हात कामात गुंतले की तोंड शांत राहतं, शिवाय तोवर गेटवरची गर्दी ओसरते.

मोबाईल

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फक्त ॲडमिननं लिहायचं, ही सेटिंग सामन्याआधीच ठरवा. हरल्यावर ती लावली की त्यावरूनच भांडण होतं. खेळाडूच्या चुकीचा पंधरा सेकंदांचा तुकडा कापून स्टेटसला लावू नका. त्या पंधरा सेकंदांत आधीची वीस मिनिटं नसतात.

दुसऱ्या दिवशी

कुणाकडं चित्रीकरण असेल तर शेवटची तीस मिनिटं दोनदा बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा, म्हणजे गर्दीच्या ओरडण्यानं मत बनत नाही. दुसऱ्यांदा वही समोर ठेवून. प्रत्येक गोलपासून मागं जात एवढंच शोधा: त्याआधी बॉल शेवटचा आपल्या ताब्यात नीट कधी होता आणि तो कसा गेला. उत्तर बहुतेक वेळा सेंटरजवळच्या एखाद्या साध्या पासात सापडतं. जे सापडेल ते अर्ध्या पानात लिहा. नावं न घालता, मिनिट आणि जागा लिहून, एकाच माणसाच्या हातानं कोचकडं द्या. पटलं तर कोच घेतील, नाहीतर सोडतील.

मंडळाच्या वर्गणीतून जमण्यासारखं बरंच आहे. दुपारच्या उन्हातल्या सामन्याला साधं पाणी पुरत नाही. १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटल्या भरा, खेळाडूमागं निदान एक. मिठाचा चमचा हात सैल सोडून भरू नका, खारट झालं की कुणी पीत नाही. हाफटाईमला केळी द्या. सामन्याच्या तीन तास आधी भात किंवा पोळी-भाजीचं साधं जेवण व्हावं. त्या दिवशी मिसळ-कटवडा नको, तेलकट-तिखट पोटात रेंगाळतं आणि साठाव्या मिनिटाला जाणवतं. सरावाबद्दल कोचना एक विनंती जरूर करा: शेवटची वीस मिनिटं, दमल्यावरच, दहा विरुद्ध अकरा खेळवा आणि बॉल कॉर्नरच्या झेंड्याजवळ धरून ठेवायला लावा. ताज्या पायांनी केलेला बचावाचा सराव शेवटच्या पंधरा मिनिटांत कामी येत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये गुवाहाटीत भारत ओमानविरुद्ध कर्णधार छेत्रीच्या गोलवर ८२ व्या मिनिटापर्यंत पुढं होता आणि १-२ हरला. पाचच दिवसांनी तोच संघ दोह्यात, छेत्रीशिवाय, आशियाई विजेत्या कतारला ०-० वर रोखून आला. पुढच्या सामन्याला वही तीच आणा. मागचं पान उघडून ठेवा आणि साठाव्या मिनिटाला पहिला आकडा त्याच्या शेजारी लिहा.