०.१ मोलर द्रावण: शब्दाचा अर्थ आणि बनवण्याची रीत

बाटलीवर ‘०.१’ आणि पुढे कॅपिटल एम दिसला की तो ‘मोलर’ वाचायचा. मोल हे पदार्थाचं प्रमाण (रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम म्हणजे एक मोल), तर मोलर ही द्रावणाची संहती: एक लिटर द्रावणात किती मोल द्राव्य आहे ते. २ मोलर आम्लाची बाटली लिटरची असो वा घोटभर, संहती तीच. पण त्यातल्या ५० मिलीत आम्ल फक्त ०.१ मोल. इंग्रजीत लिहिताना द्रावण ‘मोलर’ असतं, ‘मोलॅरिटी’ हे त्या गुणाचं नाव. स्मॉल एम मात्र मोलॅलिटीचा, तिथे हिशोब एक किलो द्रावकावर होतो.

व्याख्येतला ‘द्रावणात’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा, आणि चुका तिथेच होतात.

ऑक्झॅलिक आम्लाचं ०.१ मोलर द्रावण २५० मिली करायचं आहे. बाटलीतल्या स्फटिकांत पाण्याचे दोन रेणू धरलेले असतात, म्हणून रेणुवस्तुमान १२६.०७ घ्या. ०.१ × ०.२५ × १२६.०७ = ३.१५२ ग्रॅम. निर्जल आम्लाचं ९०.०३ धरलंत तर २.२५ ग्रॅमच पडेल आणि द्रावण ०.०७१ मोलर होईल. लेबल वाचल्याशिवाय तराजूकडे जाऊ नका.

वजन ३.१८० भरलं तर कण काढत-घालत बसू नये. द्रावण ०.१००९ मोलर झालं, तसं लेबलवर लिहा.

बीकरमध्ये साधारण १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये स्फटिक पूर्ण विरघळवा. फनेलमधून २५० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये (मानेवर आकारमानाची खूण असलेल्या) ओता. बीकर, काचकांडी आणि फनेल तीनदा थोड्या पाण्याने धुऊन ते पाणीही फ्लास्कमध्येच घाला. भिंतीला चिकटलेला थेंब म्हणजे गेलेलं आम्ल. आता खुणेच्या सेंटीमीटरभर खालपर्यंत पाणी, मग ड्रॉपरने थेंब थेंब. डोळे खुणेच्या पातळीत ठेवा. द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाचा तळ खुणेला टेकला की थांबा. बूच लावून दहा-बारा वेळा उलटंसुलटं करा.

सुरुवातीलाच २५० मिली पाणी मोजून ओतलं तर द्रावणाचं आकारमान २५० मिलीच भरेल याची खात्री नाही. गरम द्रावणाने खूण गाठली तर थंड झाल्यावर पातळी खाली जाते. खूण ओलांडली तर ड्रॉपरने वरचं काढू नका, त्यासोबत आम्लही जातं. ओतून द्या, पुन्हा वजन करा.

ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. पिपेट तोंडाने ओढू नये, बल्ब वापरावा.

हीच रीत सोडियम हायड्रॉक्साइडला चालत नाही. तो तराजूवरच हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. त्याचं द्रावण अंदाजे करा आणि खरी मोलॅरिटी याच ऑक्झॅलिक आम्लाशी टायट्रेशन करून, म्हणजे अभिक्रिया पूर्ण व्हायला किती द्रावण लागतं ते मोजून काढा.