वृद्धाश्रम काढताय? करारनाम्यावर सही घेण्याआधी चालकांच्या संघटनेत या

जागा, देखभाल करणाऱ्या मावश्या, त्या पुरवणारे ब्यूरो, डॉक्टर यांवर मी लिहीत नाही. ते तुम्हाला कळतं. मी बुडाले ते जीएसटीत.

आमची भागीदारी फर्म. आठ आजी-आजोबा, प्रत्येकी महिना २०,०००. पैसे घेऊन वृद्धाश्रम 'उभा करून देणारे' सल्लागार असतात, त्यातल्या एकाने सांगितलं, २५,०००च्या आत कर नाही. (या जमातीपासून लांबच राहा.) सांगितलं ते अर्धंच. २०१८ साली आलेली ही सवलत सरकारी किंवा आयकरात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमाला आहे, तीही साठीपुढच्यांसाठी. शिवाय त्या २५,०००त राहणं, जेवण, देखभाल सगळं आलं. भागीदारी फर्म त्यात बसतच नाही.

मग वर्षभर कर का नव्हता? आमची उलाढाल लहान होती, म्हणून. आठ जणांचे वर्षाला १९,२०,००० आणि सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाख. पुढच्या एप्रिलात नवव्या आजी आल्या. फेब्रुवारीअखेर १९,८०,००० झाले, मार्चात मर्यादा ओलांडली आणि मी सवलतीच्या भरवशावर निवांत! कळलं ते दिवाळीत, सीए बदलल्यावर. कर, व्याज, दंड सगळं आमच्या खिशातून. कारण करारात 'सर्व खर्चासह २०,०००' असं मीच लिहिलं होतं. घरच्यांकडे कुठल्या तोंडाने मागणार?

चालकांच्या संघटनेत हे सांगितलं तर तिघं हसले. तिघांचंही हेच झालेलं. एका ताईंनी संघटनेचा नमुना करारनामा पुढे केला. त्यात 'लागू झाल्यास कर वेगळा' ही ओळ आधीपासून होती. वर्गणी वाचवायला मी सभासदच झाले नव्हते. संघटना म्हणजे स्नेहसंमेलन, असा माझा समज.

तुमची फाइल संघटना पुढे सरकवणार नाही, तशी अपेक्षाही नको. सभासदत्वाचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. पण नियम बदलला की तो उलगडून सांगणं, मावश्यांना प्रशिक्षण देणं, अधिकाऱ्यांपुढे सगळ्यांच्या वतीने जाणं, हे तिचं काम. फेस्कॉम वेगळी, ती ज्येष्ठांच्या संघांची, आपली नव्हे.

'ट्रस्ट करून टाका' असंही कुणी सुचवेल. नुसता कर वाचवायला करू नका. मालमत्ता तुमची राहत नाही आणि धर्मादाय आयुक्तांना हिशेब द्यावे लागतात.

घाबरू मात्र नका, आमचा आश्रम चालू आहे. बैठकीला येताना कराराचा कच्चा मसुदा आणा. सह्या झालेला आणलात, तर आम्हीही हात वर करू.