इनबॉक्समधला कचरा काढायला कोणता फिल्टर घ्यायचा, आणि घ्यायच्या आधी काय करायचं

गेल्या दिवाळीत सावद्याला नानांकडे गेलो होतो. ओट्यावर बसून केळीच्या भावाचं बोलणं चाललं होतं आणि मधेच नानांनी मोबाईल माझ्यापुढे धरला, "भाऊ, हाई काय शे?" बघतो तर इन्कम टॅक्सच्या नावाने मेल, तुमचा परतावा मंजूर झालाय, चोवीस तासांत लिंकवर जाऊन खात्याची माहिती भरा. नाव एकदम सरकारी, वर अशोकस्तंभ पण लावलेला. नावावर बोट ठेवलं तेव्हा खाली खरा पत्ता उघडला आणि त्यात सरकारी पत्त्यातलं जीओव्ही डॉट इन कुठेच नव्हतं, कुठल्यातरी बाहेरच्या दुकानाचा पत्ता होता. नाना लिंक दाबणारच होते. त्याच इनबॉक्समध्ये न वाचलेले चार हजारांच्या वर मेल पडलेले आणि त्यांच्याखाली बँकेचं स्टेटमेंट, ठिबकच्या अनुदानाचं पत्र, नातीच्या कॉलेजच्या फीची पावती असं सगळं दबून गेलेलं.

धाकट्या भावाचं याच्या उलट झालं होतं. त्याने कुठूनतरी एक फुकटचं स्पॅम ब्लॉकर, म्हणजे नको असलेले कचरा मेल अडवणारं ॲप टाकलं, इनबॉक्स एकदम स्वच्छ, तो खूश. पुण्याच्या एका कंपनीचं इंटरव्ह्यूचं बोलावणं त्या ॲपने स्वतःच्याच एका फोल्डरमध्ये सरकवलं आणि ते त्याला अकरा दिवसांनी दिसलं, तोवर तारीख निघून गेली होती. घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही.

म्हणून मला कोणी विचारलं की चांगला फिल्टर कोणता तर मी आधी दादर, म्हणजे आपली ज्वारी, पाखडायचं उदाहरण देतो. सुपात थोडा कोंडा राहिला तर तो दळायच्या आधी हाताने वेचता येतो, पण दाणा उडून उकिरड्यावर गेला तर तो गेलाच. फिल्टर किती कचरा पकडतो याच्या जाहिराती सगळेच करतात. आपण बघायचं ते हे की तो आपला दाणा किती फेकतो.

आता कामाला लागू. सॉफ्टवेअर शोधायच्या आधी एक आठवडा फक्त बघा की येतंय काय. नानांच्या मोबाईलवर आम्ही हेच केलं आणि लक्षात आलं की निम्म्याहून जास्त मेल स्पॅम नव्हतेच, कधीतरी कपडे मागवले, तिकीट काढलं, मोबाईल रिचार्ज केला, तिथे ईमेल दिला होता त्या दुकानांच्या ऑफर होत्या. याला फिल्टर लागत नाही, याला अनसबस्क्राइब करायचं. जीमेलमध्ये आता मॅनेज सबस्क्रिप्शन्स म्हणून एक पानच आहे, तिथे कोण किती मेल पाठवतं ते दिसतं आणि एका टचमध्ये बंद करता येतं. हे चालतं कारण २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी ढिगाने जाहिरातीचे मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकवर अनसबस्क्राइब द्यायचा नियमच केलाय. पण हे फक्त ओळखीच्या, खऱ्या कंपनीसाठी. लॉटरी, कर्ज, वजन कमी करा असल्या अनोळखी मेलच्या खालचं अनसबस्क्राइब दाबायचं नाही, कारण त्या दाबण्यातून पाठवणाऱ्याला एवढंच कळतं की हा पत्ता चालू आहे, कोणीतरी वाचतंय, आणि मग दुप्पट यायला लागतात. तिथे सरळ रिपोर्ट स्पॅम. आणि अजून एक, सेटिंगमध्ये बाहेरच्या इमेज आपोआप दाखवणं बंद करा, कारण मेलमध्ये डोळ्याला न दिसणारं एक बारीक चित्र टाकलेलं असतं आणि ते लोड झालं की तुम्ही मेल उघडला हे पाठवणाऱ्याला समजतं.

फेसबुक, लिंक्डइन वगैरेंच्या नोटिफिकेशनचे मेल त्या त्या ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, दहा मिनिटांचं काम आहे.

हे झाल्यावर जे उरतं तो खरा कचरा. आता जो फिल्टर आपल्याकडे आधीच आहे त्याला नीट वापरा. जीमेल, आउटलुक, याहू सगळ्यांचे फिल्टर त्यांच्या सर्व्हरवरच चालतात, म्हणजे मेल तुमच्या मोबाईलवर यायच्या आधीच चाळला जातो, आणि लाखो लोकांनी रिपोर्ट केलेला मेल तुमच्याकडेही अडवला जातो. घरी बसवलेल्या कोणत्याही सॉफ्टवेअरकडे एवढी माहिती नसते. पण आपण काय करतो, नको असलेला मेल नुसता डिलीट करतो. डिलीट केल्याने फिल्टरला काही कळत नाही. रिपोर्ट स्पॅम केलं तर कळतं, आणि स्पॅममध्ये चुकून गेलेल्याला नॉट स्पॅम केलं तर त्याहून जास्त कळतं. जीमेलच्या स्पॅम फोल्डरमधलं ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तर महिन्यातून एकदा बघून भागत नाही, आठवड्याला एकदा तरी बघायचं. बँक, कॉलेज, विमा, नोकरी असे जे पत्ते महत्त्वाचे आहेत त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवर जीमेल उघडून फिल्टर बनवायचा आणि त्यात नेव्हर सेंड इट टू स्पॅम वर टिक करायची. भावाला आता मी विद्यापीठाचा, कंपन्यांचा, जॉब पोर्टलचा असा एकेक पत्ता घालून दिलाय.

माझा अनुभव असा की दहातल्या आठ जणांचं इथेच भागतं, बाहेरचं काही घ्यायची गरज पडत नाही. नानांचं पण भागलं. पण ज्याचा पत्ता जुना आहे, इंटरनेट कंपनीने किंवा वेबसाइटवाल्याने दिलेला आहे, तिथला फिल्टर लंगडा असतो, त्याला पुढचं वाचायला हवं.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा, मी मेल कुठे बघतो? फक्त मोबाईलवर बघत असाल तर कॉम्प्युटरवर बसवलेला फिल्टर तुमच्या फारसा कामाचा नाही, कारण तो कॉम्प्युटर चालू असेल तेव्हाच चाळणार, आणि आपल्याकडे खेड्यावर लाइट गेली की कॉम्प्युटर बंद आणि चाळणीही बंद, मोबाईलवर सगळा कचरा जसाच्या तसा. असल्या माणसाने चांगल्या फिल्टरवाल्या सेवेत खातं काढावं आणि जुन्या पत्त्यावरचे मेल तिकडे फॉरवर्ड करावेत, हाच सोपा उपाय.

कॉम्प्युटरवर बसून काम करणारा असेल तर माझी पहिली पसंती थंडरबर्ड, म्हणजे कॉम्प्युटरवर मेल वाचायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या घरचं आहे आणि त्याचा जंक (म्हणजे कचरा) फिल्टर तुमच्याच कॉम्प्युटरवर शिकतो, शिकण्यासाठी तुमचं पत्र कुठे बाहेर जात नाही. तो शिकतो कसा हे समजून घेतलं तर वापरणं सोपं जातं. अठराव्या शतकात थॉमस बेझ नावाचा एक इंग्रज पाद्री होऊन गेला, शक्यतांच्या गणिताचा एक नियम त्याच्या नावाने आहे, आणि २००२ च्या आसपास तो नियम स्पॅमला लावायची पद्धत जोरात आली. फिल्टर मेलमधला एकेक शब्द बघतो, हा शब्द तुम्ही जंक म्हटलेल्या मेलमध्ये किती वेळा आला आणि चांगल्या मेलमध्ये किती वेळा आला, आणि सगळ्या शब्दांचा मिळून अंदाज काढतो. आता केळीचा व्यापार करणाऱ्याच्या चांगल्या मेलमध्ये क्विंटल, घड, गाडी, रावेर, पेमेंट हे शब्द रोज येणार, तर त्याचा फिल्टर पेमेंट शब्दाला घाबरणार नाही. दुसऱ्या कोणाचा घाबरेल. म्हणूनच मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांना स्वतः शिकवलेला फिल्टर जास्त मानवतो असं माझं मत आहे.

फक्त एक चूक बहुतेक जण करतात. जंक तेवढं दाखवतात, चांगलं दाखवतच नाहीत. मग त्याला सगळं जग कचराच दिसायला लागतं. चांगल्या मेलनाही नॉट जंक म्हणून खूण करायची, दोन्ही ढीग बरोबरीने वाढले पाहिजेत. अकाउंट सेटिंगमध्ये जंक सेटिंग्ज आहे, तिथे ॲडॅप्टिव्ह जंक कंट्रोल चालू करा आणि ॲड्रेस बुकमधल्या माणसाला जंक धरू नको हा पर्याय पण टिक करा. म्हणजे आधी ॲड्रेस बुक भरायला हवं, ते कंटाळवाणं आहे पण करा.

मॅकवाल्यांसाठी स्पॅमसीव्ह आहे, ते ॲपल मेलबरोबर चालतं, विकत घ्यावं लागतं. विंडोजवर मेलवॉशर आहे, त्याची पद्धत वेगळी, मेल उतरवून घ्यायच्या आधीच सर्व्हरवर काय आलंय त्याची यादी दाखवतो आणि तिथल्या तिथे पुसता येतं, पण रोज स्वतः यादी बघायची सवय असेल तरच घ्या. स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेबसाइटचा पत्ता घेतलेल्यांना होस्टिंगच्या (वेबसाइट ठेवणाऱ्या कंपनीच्या) पॅनेलमध्ये बऱ्याचदा स्पॅमअसॅसिन नावाचा फिल्टर मिळतो. तो प्रत्येक मेलला गुण देतो आणि मुळात ५ गुण झाले की स्पॅम ठरवतो. हा आकडा खाली आणला की चाळणी बारीक होते, आणि लोक उत्साहात २ वर आणून ठेवतात आणि मग गिऱ्हाईकाची ऑर्डर सापडत नाही म्हणून फोन करतात. ५ वरच ठेवा, आणि आपोआप डिलीट करायचा पर्याय चालू करू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकू द्या.

अनोळखी माणसाने मेल केला की आधी त्याला उलट मेल करून तू माणूस आहेस हे सिद्ध कर म्हणणारे फिल्टर पण असतात. ते मी कोणालाच सुचवत नाही. बँकेचं किंवा कॉलेजचं मशीन त्याला उत्तर देणार नाही आणि ओळखीच्या म्हाताऱ्या माणसाला तर तो अपमान वाटतो.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती. प्ले स्टोअरवरची इनबॉक्स साफ करून देतो म्हणणारी ॲप बसवताना एक पान येतं, त्यात लिहिलेलं असतं की हे ॲप तुमचे सगळे मेल वाचू, लिहू, पाठवू आणि कायमचे पुसू शकेल. आपण न वाचता अलाऊ करतो. अहो, घराची किल्लीच देतोय आपण. बँकेचं स्टेटमेंट तिथे, पासवर्ड बदलायची लिंक तिथे येते, आधारची पीडीएफ तिथे. अनरोल मी नावाची अशीच एक फुकट सेवा होती, नको ती न्यूजलेटर बंद करून देणारी. लोकांच्या मेलमधल्या खरेदीच्या पावत्यांची माहिती तिची मूळ कंपनी नावं काढून विकत होती हे २०१७ मध्ये बाहेर आलं आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी आयोगाने, ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून तिच्यावर कारवाई केली. फुकट म्हटलं की पैसा कुठून येतो हे विचारायचंच. तर नियम असा ठेवा की मेलचा मूळ पासवर्ड कोणत्याही फिल्टरला टाइप करून द्यायचा नाही, गूगलच्या स्वतःच्या साइन-इन पानावरून परवानगी देता येत असेल तरच पुढे जायचं. आणि आज वेळ काढून गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीत थर्ड पार्टी ॲप्सची यादी उघडा, भावाच्या खात्यात तिथे सहा ॲप निघाली आणि त्यातली चार त्याने कधीच काढून टाकली होती, म्हणजे मोबाईलवरून काढली तरी परवानगी तशीच राहिली होती. तिथे जाऊन वेगळी काढावी लागते.

ठरवलं की लगेच पैसे भरू नका, दोन आठवडे तपासा. एका वेळी एकच फिल्टर, दोन लावले तर कोणी काय उचललं ते कळत नाही. दुसऱ्याच्या खात्यावरून स्वतःला चार मेल करा, एक मराठी विषयाचा, एक पीडीएफ जोडलेला, एक नुसता दोन शब्दांचा, एक लिंकवाला, आणि कुठे जातात बघा. वहीत दोन रकाने आखा, इनबॉक्समध्ये आलेला कचरा आणि कचऱ्यात गेलेला चांगला मेल. पहिल्या रकान्यात रोज दोन-तीन आले तरी मी चालवून घेतो. दुसऱ्यात पहिल्या आठवड्यानंतर एकही नवीन आला तर आधी अजून शिकवा, तरी नाही सुधरलं तर काढून टाका.

नानांना आलेल्या मेलसारखे मेल मात्र चांगल्या फिल्टरमधूनही कधीतरी सुटतात, तर हात आपलाच आवरायला हवा. पाठवणाऱ्याच्या नावावर टच करून पूर्ण पत्ता बघायचा. सरकारी असेल तर शेवट बहुतेक वेळा जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असतो. बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत वेबसाइट बँक डॉट इन ने संपणाऱ्या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं, तर लिंक दुसरीकडे जात असेल तर थांबायचं आणि शाखेत फोन करायचा. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये शो ओरिजिनल उघडलं तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणारा खरा की खोटा हे तपासणाऱ्या तीन चाचण्यांपुढे पास की फेल ते दिसतं. फेल असेल तर त्यातली लिंक किंवा जोडलेली फाइल उघडूच नका. पास असलं तरी त्याचा अर्थ एवढाच की मेल खरोखर पत्त्यात @ च्या पुढे दिसणाऱ्या नावाकडूनच आलाय, ते नाव कोणाचं हे आपणच बघायचं. आणि पैसे गेलेच तर घरात चर्चा करत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा, जितका लवकर तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

नाना आता रविवारी सकाळी चहा घेताना स्पॅमचं फोल्डर उघडतात आणि वरून खाली फक्त नावं वाचतात, शंका आली तर मला स्क्रीनशॉट टाकतात. मागच्या रविवारी त्यांनी स्वतःच नातीच्या कॉलेजचा एक मेल तिथून बाहेर काढला.