यॉर्कला निघण्यापूर्वी

इंग्लंडच्या उत्तर भागातील यॉर्क हे शहर लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकापासून जलद गाडीने सुमारे दोन तासांच्या अंतरावर असल्यामुळे बरेच प्रवासी ते एका दिवसात उरकण्याचा बेत आखतात. हा बेत आधी रद्द करावा आणि किमान एक रात्र, शक्य असल्यास दोन रात्री, तिथे मुक्काम ठेवावा. रोमन छावणी, व्हायकिंग वस्ती आणि मध्ययुगीन धर्मपीठ असे थर इथे एकावर एक चढले आहेत, आणि घाईत फिरणाऱ्याला त्यांपैकी फक्त वरचाच थर दिसतो.

कागदपत्रांचे काम प्रथम संपवावे. भारतीय पारपत्रधारकाला ब्रिटनचा पर्यटक व्हिसा लागतो आणि त्यासाठीचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. रेल्वेची स्वस्त आगाऊ तिकिटे साधारणतः आठ ते बारा आठवडे आधी विक्रीला येतात. मात्र ती ठरलेल्या गाडीपुरतीच चालतात, हे लक्षात ठेवावे. खाऊची पिशवी भरताना चिवडा, भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी खुशाल घ्यावी, परंतु पेढे, बर्फी आणि घरचे तूप मागे ठेवावे, कारण भारतातून दुधाचे पदार्थ नेण्यास तिथे मनाई आहे. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी असू द्यावी आणि तिथल्या चौकोनी पिनांच्या प्लगसाठी अडॅप्टर घ्यावा.

यानंतरची तयारी वाचनाची आहे, आणि माझ्या मते खरी तयारी तीच. इसवी सन ७१ मध्ये रोमनांच्या नवव्या लिजनने, म्हणजे सैन्यदलाने, इथे छावणी उभारली आणि तिचे नाव एबोराकुम ठेवले. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस २११ मध्ये इथेच मरण पावला. पुढे ३०६ मध्ये सम्राट कॉन्स्टँटियसचा मृत्यूही इथेच झाला आणि त्याच्या सैन्याने त्याचा मुलगा कॉन्स्टंटाईन याला सम्राट म्हणून घोषित केले. मिन्स्टरच्या, म्हणजे इथल्या भव्य कॅथेड्रलच्या, दक्षिण दाराबाहेर कॉन्स्टंटाईनचा बसलेला पुतळा आहे आणि जवळच एक रोमन स्तंभ उभा आहे; तो पुन्हा उभारताना उलटा बसवला गेला, असे गावात सांगतात. एवढे ठाऊक असले की छावणीचा नकाशा आजच्या रस्त्यांवर ठेवून पाहता येतो, कारण स्टोनगेट आणि पीटरगेट हे आजचे गजबजलेले रस्ते छावणीच्या दोन मुख्य मार्गांवरूनच जातात, तर मिन्स्टर छावणीच्या मुख्यालयावर उभे आहे. इथल्या शब्दांचीही थोडी ओळख करून घ्यावी. ‘गेट’ म्हणजे इथे दरवाजा नव्हे, रस्ता. हा शब्द व्हायकिंगांच्या भाषेतून आला आहे. वेशीला ‘बार’ म्हणतात, त्यामुळे बूथम बार किंवा मंक बार विचारत गेलेल्या माणसाला मद्यालयाऐवजी दगडी वेस भेटते.

मिन्स्टर पाहण्याचा क्रम घरूनच ठरवून जावा, आणि तो खालून वर असावा. १९६७ ते १९७२ या काळात मधल्या मनोऱ्याचा पाया खचत असल्याचे लक्षात आल्यावर तो सावरण्यासाठी खोदकाम झाले आणि त्यात रोमन मुख्यालयाच्या भिंती व रंगवलेला गिलावा उजेडात आला. तळघरातील संग्रहालयात हे सारे पाहायला मिळते. ते आधी पाहून वर आले म्हणजे साधारण १२२० पासून १४७२ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, बांधकाम चाललेल्या या वास्तूचे ओझे कशावर आहे ते कळते.

लहानशी दुर्बीण सामानात अवश्य असावी. हा सल्ला कोणी देत नाही आणि मग लोक खाली उभे राहून मान दुखवून घेतात. पूर्वेकडील महाखिडकी जॉन थॉर्नटन या कारागिराने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत घडवली. ती टेनिसच्या मैदानाएवढी असून जगाची उत्पत्ती आणि अंत यांची चित्रे तिच्या शेकडो तावदानांत मांडलेली आहेत. वरची तावदाने नुसत्या डोळ्यांनी रंगांचे ठिपके वाटतात. ही खिडकी सकाळच्या उजेडात आणि पश्चिमेची दुपारनंतर पाहावी. उत्तरेकडील ‘फाइव्ह सिस्टर्स’ या करड्या काचांच्या पाच उंच खिडक्यांना मात्र कोणतीही वेळ चालते. रविवारी सकाळी उपासना असल्याने पर्यटकांना दुपारनंतरच प्रवेश मिळतो, म्हणून मुक्कामात रविवार येत असेल तर बेत त्याप्रमाणे फिरवावा. मनोऱ्याला २७५ पायऱ्या आहेत, जिना अरुंद व गोल आहे, तिकीट वेगळे आहे आणि आठ वर्षांखालील मुलांना वर सोडत नाहीत. गुडघे किंवा हृदय कुरकुरत असेल तर हा मोह टाळावा.

शहराच्या जुन्या तटावरून फिरण्यासाठी पकड असलेले बूट हवेत. सुमारे ३.४ किलोमीटर तट शाबूत आहे, काही ठिकाणी त्याला आतल्या बाजूस कठडा नाही आणि ओल्या दगडावरून पाय घसरतो. वेळ कमी असल्यास बूथम बार ते मंक बार एवढाच भाग चालावा. तो रोमन तटाच्या रेषेवरून जातो आणि मिन्स्टरची मागची बाजू त्याइतकी चांगली कुठूनच दिसत नाही. यॉर्कशायर संग्रहालयाच्या बागेतला बहुकोनी बुरूजही चुकवू नये. खालचे लहान दगड आणि त्यांतून गेलेला लाल पट्टा रोमन, वरचे मोठे दगड मध्ययुगीन. इतकी सोपी खूण क्वचितच सापडते. अंधार पडताच तट बंद होतो, आणि डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो, तर जूनमध्ये साडेनऊनंतर.

मुले बरोबर असतील तर क्लिफर्ड्स टॉवरबद्दल त्यांना काय सांगायचे याचा विचार आधी करून ठेवावा. ११९० मध्ये इथल्या लाकडी गढीत आश्रय घेतलेले सुमारे दीडशे ज्यू जमावाच्या वेढ्यात प्राणास मुकले. आजचा दगडी बुरूज त्यानंतरचा आहे. तिथे नुसते फोटो काढून निघणे बरे दिसत नाही.

निवास ऊझ नदीकाठी घेत असाल तर पुराची चौकशी करावी. ही नदी हिवाळ्यात वारंवार काठ सोडते. शेवटी परतीच्या गाडीची वेळ ठरवताना मिन्स्टरमधील सायंप्रार्थना धरून चालावी. तिला तिकीट नसते, गायकवृंद उत्तम आहे आणि त्या वेळी फोटो काढू देत नाहीत. प्रार्थनेची त्या दिवशीची वेळ आधी पाहून घ्यावी, तिला पाऊण तास द्यावा, लेंडल पुलावरून स्थानकापर्यंत पायी जाण्यास वीस मिनिटे धरावीत, आणि मगच तिकीट काढावे.