परदेशी तैनात सैनिकाला सणाचं पार्सल पाठवताना या चुका टाळा

अमेरिकी सैन्यातली मुलगी किंवा भाचा कुवेतमध्ये, दक्षिण कोरियात, नाहीतर समुद्रात कुठेतरी जहाजावर असतो. सण जवळ आला की अमेरिकेतल्या घरी पार्सलची गडबड सुरू होते. काय पाठवायचं यावर आठवडाभर खल चालतो आणि पत्ता मात्र पोस्टाच्या रांगेत उभं राहून फोनमधून उतरवला जातो. खरं तर पार्सल अडकतं ते बहुतेकदा पत्ता, कस्टमचा कागद आणि तारीख या तिघांपायी. खाऊची पाळी त्यानंतर येते. म्हणून सुरुवात पत्त्यापासून.

पत्त्यात देशाचं नाव लिहिणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. सैनिकी टपालाचा पत्ता दिसायला अमेरिकेतलाच असतो आणि तो तसाच ठेवायचा असतो. लष्कर आणि हवाई दलासाठी एपीओ, नौदलाच्या जहाजांसाठी आणि नाविक तळांसाठी एफपीओ, दूतावासांसाठी डीपीओ. ही अक्षरं शहराच्या जागी येतात. राज्याच्या जागी एई, एपी किंवा एए. युरोप, मध्यपूर्व आणि आफ्रिका एई मध्ये मोडतात, पॅसिफिकचा भाग एपी मध्ये, तर मध्य व दक्षिण अमेरिका एए मध्ये. झिप कोडही (अमेरिकेतले पिनकोड) ठरलेले आहेत: एई चे ०९ ने सुरू होतात, एपी चे ९६ ने आणि एए चे ३४० ने.

त्याखाली काळजीपोटी कुणीतरी 'कुवेत' किंवा 'जर्मनी' लिहितं. तो शब्द दिसला की पार्सल सैनिकी टपालातून निघून त्या देशाच्या नागरी टपालात जाऊ शकतं. तिथे 'युनिट' आणि 'बॉक्स' क्रमांकाचा कुणालाच अर्थ लागत नाही. शिवाय सैनिक कोणत्या देशात आहे हे खोक्यावर जाहीर करण्याचं कारणही नाही. ऑनलाइन लेबल काढताना देशाच्या रकान्यात अमेरिकाच निवडा. इतर देश निवडला की दर आंतरराष्ट्रीय लागतो. खरं म्हणजे इथून एपीओला पाठवलेल्या पार्सलला देशांतर्गत दरच पडतो, मग ते दहा हजार किलोमीटर का जाईना.

नाव अधिकृत हवं. आपल्याकडे पिंट्या, सोनू, छकुली अशी नावं इतकी रुळलेली असतात की चुलत आजोबांना खरं नाव आठवायला वेळ लागतो. पण टपाल वाटणारा जवान गणवेशावरच्या नावाने पार्सल शोधतो. आधी हुद्दा, मग पूर्ण नाव, मग युनिट किंवा पीएससी (तळावरचं टपालकेंद्र) आणि बॉक्स क्रमांक. जहाज असेल तर जहाजाचं नाव. पत्ता सैनिकाकडून लेखी मागवा आणि दर वेळी ताजा मागवा. एका तळावरून दुसरीकडे हलवलं की पत्ता बदलतो आणि गेल्या वर्षीच्या वहीतला पत्ता निरुपयोगी होतो. तो पत्ता सोशल मीडियावर किंवा दोनशे माणसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. नातेवाइकांना वेगवेगळा कळवा.

खासगी कुरिअरवर भरवसा

एपीओ आणि एफपीओपर्यंत पोचतं ते अमेरिकी टपाल खातं, आणि तिथून पुढे सैन्याची टपालव्यवस्था. फेडेक्स किंवा यूपीएस त्या पत्त्यावर पोचवत नाहीत. इथे एक लपलेला खड्डा आहे. ऑनलाइन दुकानातून थेट भेट पाठवायची म्हटली की ते दुकान माल कोणाकडून पाठवणार हे आपल्या हातात नसतं. ऑर्डर रद्द झाल्याचा निरोप चार दिवसांनी येतो आणि ते चार दिवस वाया जातात. घरी मागवून स्वतः टपालात टाकणं वेळखाऊ वाटतं, पण खात्रीचं तेच.

टपाल खात्याचा फ्लॅट रेटचा मोठा खोका १२ बाय १२ बाय साडेपाच इंचांचा असतो. त्याची एपीओसाठीची आवृत्ती नेहमीच्या मोठ्या खोक्यापेक्षा थोडी स्वस्त पडते, आणि वजन ७० पौंडांपर्यंत कितीही असलं तरी दर तोच. जड वस्तूंना हा खोका उत्तम. फक्त पायमोजे आणि चिप्स असतील तर साधा खोका स्वस्त पडतो, तेव्हा तोलून बघा. फुकट मिळणारा फ्लॅट रेटचा खोका उलटा करून स्वस्त सेवेने पाठवायची युक्ती मात्र करू नका. तो खोका त्या सेवेपुरताच असतो आणि काउंटरवर तुम्हाला पूर्ण दर भरावा लागतो. सैनिकांना पाठवण्यासाठी खोके, टेप आणि लेबलं असलेला संच टपाल खातं मोफत घरपोच देतं. तो आधीच मागवून ठेवा.

कस्टमच्या फॉर्मवर 'भेटवस्तू' एवढंच लिहिणं

दर देशांतर्गत असला तरी वस्तू असलेल्या पार्सलला कस्टमचा फॉर्म लागतो. 'गिफ्ट' किंवा 'खाऊ' हे वर्णन चालत नाही. 'पायमोजे, ४ जोड', 'बदाम, १ पाकीट', 'पत्त्यांचा कॅट, १' असं लिहा आणि प्रत्येकाची किंमत टाका. फॉर्म आता हाताने लिहून थेट खोक्याला चिकटवता येत नाही. एकतर ऑनलाइन भरून छापायचा किंवा काउंटरवरच्या कागदावर माहिती लिहून द्यायची, म्हणजे कारकून ती संगणकात टाकतो. डिसेंबरमध्ये त्या रांगेत उभं राहिलेल्याला ऑनलाइनचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच फॉर्मवर पार्सल पोचलं नाही तर काय करायचं हे विचारलेलं असतं: परत पाठवायचं की सोडून द्यायचं. घाईत भलत्याच चौकोनात खूण केली तर पार्सल कधीच परत येत नाही.

तारखा नाताळच्या, सण दिवाळीचा

टपाल खातं दर शरद ऋतूत सैनिकी टपालाच्या शेवटच्या तारखा जाहीर करतं. साधारणपणे ग्राउंड अॅडव्हांटेज या स्वस्त, संथ सेवेसाठी नोव्हेंबरचा पहिला आठवडा आणि प्रायॉरिटी मेल या जलद सेवेसाठी डिसेंबरचा पहिला-दुसरा आठवडा. एक्सप्रेस सेवेला आणखी थोडी मुदत असते, पण ती सगळ्या ठिकाणी जात नाही. यंदाची यादी बघूनच ठरवा, कारण झिप कोडनुसारही फरक पडतो.

मराठी घरांची पंचाईत अशी की या तारखा नाताळ धरून काढलेल्या असतात. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते आणि तिच्यासाठी अशी यादी कुणी काढत नाही. हिशेब स्वतःच करायचा. मी तरी प्रायॉरिटीने पाठवायचं असेल तर लक्ष्मीपूजनाच्या चार आठवडे आधी टपालात टाकते, जहाजावर पाठवायचं असेल तर सहा. जहाजाचं टपाल जहाज बंदराला लागलं किंवा समुद्रातच रसद मिळाली की उतरतं, आणि जहाज कुठे कधी असेल हे घरच्यांना कळत नाही, कळूही नये. पार्सल लवकर पोचलं तर काही बिघडत नाही.

परतीची वेळही विचारून घ्या. तैनाती संपायला महिना-दीड महिना उरला असेल तर पाठवू नका. माणूस घरी येतो आणि पार्सल त्याच्या मागे जगभर फिरत बसतं.

चालणार नाही ते पाठवणं

दर झिप कोडला कोणते निर्बंध आहेत याची यादी टपाल खातं प्रसिद्ध करतं. ती दोन मिनिटांत सापडते. तरीही नेहमीच्या चुका ठरलेल्या.

मद्य नाही. माउथवॉशच्या बाटलीत लपवून तर मुळीच नाही. मध्यपूर्वेतल्या तैनातीत सैनिकांना मद्यावर लष्करी आदेशानेच बंदी असते, आणि सापडलं तर शिक्षा त्यालाही होऊ शकते. त्या भागातल्या अनेक ठिकाणी डुकराचं मांस आणि अश्लील मजकूरही चालत नाही. सुकवलेल्या मांसाचं पाकीट घेताना बीफ किंवा टर्कीचं आहे ना हे वाचून घ्या. ताजी फळं आणि रोपं बहुतेक ठिकाणी बाद.

ज्या वस्तू घरी निरुपद्रवी वाटतात त्यांची अडचण जास्त होते. परफ्यूम, नेलपॉलिश, दाढीचा फेस किंवा डिओडरंटचा दाबाचा डबा, लायटर, काड्यापेटी यांपैकी काहीही विमानाने जाणाऱ्या या टपालात चालत नाही. उटण्याची पूड जाते, अत्तराची बाटली अडते. पॉवर बँक ही आजकालची सगळ्यात लोकप्रिय भेट, आणि तीही नाही: सुट्या लिथियम बॅटऱ्या या टपालातून पाठवता येत नाहीत. बॅटरी उपकरणाच्या आत बसवलेली असेल तर मर्यादेत चालते. साध्या पेन्सिल सेलवरचं खेळणं किंवा दिव्यांची माळ असेल तर सेल काढून वेगळे गुंडाळा. वाटेत आपोआप गुणगुणू लागलेला खोका कुणालाच आवडत नाही.

पेटी भरण्यातल्या चुका

साबण आणि खाऊ एकाच खोक्यात घालणं. वास असलेला साबण, ड्रायर शीट (कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकायचे सुगंधी कागद), पुदिन्याची च्युइंगम यांचा वास बंद पाकिटातूनही शिरतो आणि तीन आठवड्यांनी चिवड्याला लॅव्हेंडरची चव लागते. प्रसाधनं आणि खाणं यांचे खोके वेगळे करा. एकच खोका परवडत असेल तर साबण बिनवासाचा घ्या.

फराळाचं म्हणाल तर शंकरपाळी, चकली आणि पातळ पोह्यांचा चिवडा चांगला टिकतो. करंज्या फुटतात. ओल्या नारळाचं काहीही पाठवू नका, बुरशी येते. बेसनाचे लाडू पोचतात, पण तूप पाझरतं. एकेक लाडू गुंडाळून कडक डब्यात घातला तरच. चकल्यांच्या डब्यात रिकामी जागा उरली की त्यांचा चुरा होतो, म्हणून फटी पॉपकॉर्नने भरा, तेही खाता येतात. चॉकलेटवर सरसकट फुली मारू नका. उन्हाळ्यात कुवेतचा पारा ५० अंशांजवळ जातो तेव्हा अर्थातच नको, पण डिसेंबर-जानेवारीत पोचणाऱ्या पार्सलात साखरेचं कवच असलेल्या चॉकलेटच्या गोळ्या चालून जातात.

द्रवाच्या प्रत्येक बाटलीचं झाकण टेपने बंद करून ती दुहेरी झिपच्या पिशवीत. खोका हलवून बघा, आत काही आपटताना ऐकू आलं तर पुन्हा उघडा. आत एका कार्डावर दोन्ही पत्ते लिहून ठेवा, म्हणजे वरचं लेबल फाटलं तरी पार्सल बेवारस होत नाही. जुना खोका वापरत असाल तर आधीची सगळी लेबलं झाका, विशेषतः दारूच्या कंपनीचं नाव छापलेलं असेल तर.

आणि चकाकती टिकली, ग्लिटर, कागदी फुलं उधळणारी कार्डं नकोत. तंबूत ते झाडणं ही शिक्षाच.

'सगळ्यांना हेच लागतं' असं धरून चालणं

टूथपेस्टच्या दहा ट्यूब पाठवण्याआधी एकदा विचारा. मोठ्या तळावर दुकान असतं आणि तिथे टूथपेस्ट मिळते. लहान चौकीवर काहीच मिळत नाही. दोन ठिकाणच्या गरजा पार निराळ्या. पायमोजे पाठवायचे तर गणवेशाखाली चालणाऱ्या रंगाचे, नाहीतर ते फक्त झोपताना उपयोगी. पाण्यात मिसळायच्या सरबताच्या पुड्या, ओठांचं मलम, वेट वाइप्स, पायांची पावडर यांची नासाडी सहसा होत नाही. महिला सैनिकांसाठी पार्सल भरताना लोक पुरुषांचीच यादी वापरतात. केसांचे रबर, सॅनिटरी पॅड, चांगलं मॉइश्चरायझर हे आवर्जून घाला. थोडं जास्तच घाला, कारण खोका उघडला की आजूबाजूचे चारजण येतातच.

कागद आणि पेनही टाका. युद्धक्षेत्रातल्या सैनिकाला तिकिटाच्या जागी 'फ्री मेल' लिहून पत्र विनामूल्य पाठवता येतं, त्यामुळे तिकिटं पाठवायची गरज नाही.

ओळख नसलेल्या सैनिकाला पाठवायचं असेल तर

'कोणत्याही सैनिकास' असा पत्ता घालून पाठवलेलं पार्सल आता स्वीकारलं जात नाही. २००१ च्या शरद ऋतूत अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची पाकिटं गेली, पाचजण दगावले, आणि त्यानंतर संरक्षण खात्याने ही सोय बंद केली. आज हे काम ऑपरेशन ग्रॅटिट्यूड किंवा सोल्जर्स एंजल्स यांच्यासारख्या संस्थांमार्फत करावं लागतं. त्यांची स्वीकारायच्या वस्तूंची यादी असते आणि घरचं केलेलं खाणं त्यात बसत नाही. अनोळखी माणसाने केलेला लाडू कितीही सुंदर असला तरी सैनिकाने तो खाऊ नये, हेच बरोबर आहे. शाळेतल्या मुलांची पत्रं पाठवत असाल तर त्यात मुलांचं आडनाव आणि घरचा पत्ता नको, आणि 'तू कुणाला मारलंस का' हा प्रश्न आधी शोधून काढून टाका. मुलं तो हमखास लिहितात.

पार्सल अडकलंय असं वाटलं तर

ट्रॅकिंग बरेचदा शिकागोच्या टपालकेंद्रापर्यंत नीट चालतं आणि मग दोन आठवडे गप्प होतं. याचा अर्थ हरवलं असा नाही. पुढची वाहतूक सैन्याच्या हातात गेली की नोंदी कमी होतात. दुसरं पार्सल घाईने पाठवू नका. 'घेऊन जाण्यास तयार' अशी नोंद आली असेल तर सैनिकाला कळवा, कारण बऱ्याच तळांवर त्याला स्वतः जाऊन घ्यावं लागतं आणि चिठ्ठी हातात पडायची राहून गेलेली असते.

परत आलं तर आधी लेबलवरचा शिक्का वाचा. पत्ता चुकलाय, माणूस हललाय की वस्तू नाकारलीय, हे त्यावर कळतं. तोच खोका तसाच पुन्हा पाठवला तर तो पुन्हा येईल. खरंच हरवलं असेल तर विम्याचा दावा टाका. प्रायॉरिटी मेलमध्ये शंभर डॉलरपर्यंतचा विमा धरलेला असतो, पण एपीओच्या पार्सलचा दावा पाठवल्यापासून ४५ दिवसांनंतरच आणि वर्षाच्या आत करावा लागतो. त्यासाठी पावती आणि आतल्या वस्तूंच्या किमती लागतात, म्हणून खोका बंद करण्याआधी एक फोटो काढा आणि पावत्या एका पाकिटात ठेवून द्या.